रिकामी दिसलेली जागा : एका नगरपरिषदेत घरांचं आरक्षण कसं फिरलं

पार्श्वभूमी

गावाचं नाव देत नाही. ‘ब’ वर्ग नगरपरिषद, म्हणजे ४० हजार ते १ लाख लोकसंख्येतली, मधून नदी, एका अंगाला हायवे, एवढं पुरे. मी तिथे प्रायव्हेट इंजिनिअर म्हणून काम करतो. लेआउट, मोजणीचे नकाशे, बांधकाम परवानगीच्या फायली, आणि डीपी आला की हरकती लिहून देणं. या प्रकरणात माझाही एक हात आहे, तो कुठे लागला ते पुढे येईलच.

डीपी म्हणजे विकास आराखडा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली होतो तो. कायद्याने वीस वर्षांनी सुधारित व्हायला हवा, आमचा त्याहून बराच उशिरा निघाला. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला २०२१ च्या सुरुवातीला, करोनाच्या दोन लाटांच्या मधल्या काळात. हरकती-सूचनांना ३० दिवस. डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर म्हणजे मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभरासाठी एकच बांधकाम नियमावली आली होती, तीही कुणाला धड पाठ झालेली नव्हती, आम्हालाही नाही.

आराखड्यात बाकी रस्ते, शाळा, भाजी मार्केट वगैरे नेहमीचं होतं. वाद पेटला तो एकाच आरक्षणावरून, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेवरून : आर्थिक दुर्बल घटकांसाठी घरं. हायवेला लागून साधारण पाच एकर, चार-पाच कुटुंबांच्या मालकीची जमीन.

हे आरक्षण टाकलं त्याला कारण होतं. नदीकाठची जुनी वस्ती जलसंपदाच्या निळ्या पूररेषेच्या आत येते. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नाही. त्यामुळे तिथल्या लोकांना पंतप्रधान आवासमधून घर बांधायचे अडीच लाख (केंद्राचे दीड, राज्याचा एक) मिळायचा प्रश्नच नाही, कारण त्याला आधी स्वतःची, बांधता येईल अशी जागा लागते. तर ही माणसं जाणार कुठे? नगररचनाच्या युनिटने नकाशावर उत्तर दिलं, हायवेची जागा.

प्रॉब्लेम कुठे झाला

नकाशा नगरपरिषदेच्या वरच्या हॉलमध्ये भिंतीवर लावलेला, मोठाच्या मोठा, खालचा कोपरा कपाटामागे दुमडलेला. दोन आठवडे लोक येऊन बोट लावून आपली जमीन शोधत होते. पंधरा दिवसांनी बघितलं तर हायवेच्या जागेवर बोटांचे काळे डाग पडून तिथला कागद मळून गेला होता, गट नंबर वाचता येत नव्हता. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे, हिरवा रंग अगदी कोरा करकरीत. कुणाचं बोटच लागलेलं नाही तिकडे. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही, उलट हसू आलं होतं.

हायवेच्या मालकांची बाजू खोटी नव्हती हेही सांगायला हवं. आरक्षण म्हणजे जमीन लटकली असा आमच्याकडे सरळ अर्थ आहे, आणि तो अनुभवातून आलाय. आधीच्या डीपीतली कितीतरी आरक्षणं नगरपरिषदेने घेतलीच नाहीत. कलम १२७ प्रमाणे १० वर्षं थांबायचं, मग मालकाने खरेदीची नोटीस द्यायची, मग आणखी २४ महिने, आणि तरी भूसंपादन झालं नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. तोवर पोरांची लग्नं होतात, नातवंडं शाळेत जातात, जमीन तिथेच. शिवाय जागेच्या मालकांपैकी एक घर एका नगरसेवकाच्या सासरचं होतं. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत, फक्त इतिवृत्तात नाही.

हे मालक माझ्याकडे आले. त्यातले एक अण्णा, सत्तरीचे, म्हणाले, "साहेब, घरं बांधू नका असं आमचं म्हणणं नाही, आमच्यातच का एवढंच विचारा." मी हरकत लिहिली. आणि हरकत नुसती ‘नको’ म्हणून लिहिली तर टिकत नाही, पर्यायी जागा सुचवावी लागते, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. मी ईएलयू, म्हणजे विद्यमान भूवापराचा नकाशा उघडला, गावठाणाजवळ, सलग, पाण्याच्या लाइनला जवळ, आणि रिकामी अशी जागा शोधली. टाकीमागचा गट. नकाशात शेती. सातबाऱ्यावर एकच शेतकरी, तोही गाव सोडून गेलेला. टाकला गट नंबर. जागेवर गेलो नाही. पाच मिनिटांचा रस्ता होता.

टाकीमागे घरं होती. २००५-०६ पासून शंभरच्या स्टँपवर, नोटरी करून, गुंठा-दीड गुंठा घेतलेली, गुंठेवारी म्हणतात ती. पत्र्याची, काही पक्की, एक दुमजली सुद्धा. सातबारा अजून मूळ मालकाच्याच नावावर, म्हणून कागदावर इथे माणूस नाही. आणि गंमत अशी की, याच घरांकडून नगरपरिषद घरपट्टी घेत होती. कर विभाग तळमजल्यावर, बांधकाम विभाग वर, मधे एक जिना. खालच्या रजिस्टरला घरं, वरच्या नकाशाला ज्वारी.

समोर असलेले पर्याय

हरकती शेकड्यांनी आल्या, बऱ्याचशा एकाच मजकुराच्या, नाव बदलून (त्यातल्या काही माझ्याच प्रिंटरमधून निघालेल्या). कलम २८ खाली नियोजन समिती बसली, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जाणकार. समितीच्या टेबलावर चार गोष्टी होत्या.

एक, हायवेची जागा आहे तशी ठेवायची. यात पैशाचा प्रश्न. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर तेवढाच दिलासा म्हणजे शंभर टक्के सोलेशियम, म्हणजे जवळजवळ दुप्पट. लेखापाल मीटिंगमध्ये काही बोललेच नाहीत, नुसते चष्मा पुसत बसले. रोख नाही तर टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क द्या असं कुणी म्हणालं, पण आमच्यासारख्या गावात टीडीआर घेणार कोण? १.१ चा मूळ एफएसआयच, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकामच, लोक पूर्ण वापरत नाहीत. पुण्या-मुंबईत टीडीआरला किंमत आहे म्हणून इथेही असेल असं धरून चालणारे लोक मला दर डीपीला भेटतात.

दोन, जुना कचरा डेपो. नगरपरिषदेच्याच मालकीचा, भूसंपादन नको, विरोध नको. पण वर्षानुवर्षांचा साठलेला कचरा आधी बायोमायनिंग करून, म्हणजे खणून वेगळा करून काढावा लागणार, आणि शेजारीच चालू लँडफिल, कचरा पुरायची जागा. घनकचऱ्याच्या तेव्हाच्या, २०१६ च्या नियमांत लँडफिल वस्तीपासून २०० मीटर लांब पाहिजे असं होतं. नदीकाठावरून उचलून कचऱ्याकाठी ठेवायचं. एका बाईंनी, त्या बचत गटाच्या, सुनावणीत एकच वाक्य टाकलं, "पुरात निदान वर्षातून दोन दिवस नाक धरावं लागतं, तिथं रोजच धरायचं का?" तो पर्याय तिथेच संपला.

तीन, हायवेच्याच जागेवर पण समावेशक आरक्षण. म्हणजे मालकाने ठरलेल्या भागावर घरं बांधून नगरपरिषदेला द्यायची आणि उरलेली जमीन स्वतः वापरायची. नगरपरिषदेला रोख लागत नाही, मालकाची जमीन पूर्ण जात नाही, हायवेचा दर असल्याने बिल्डरलाही परवडू शकतं. माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा मार्ग होता. पण समजावायला अवघड, आणि मालक चार-पाच असल्यामुळे आधी त्यांचं एकमत लागणार. दोन सख्खे भाऊ तर एकमेकांशी बोलतही नव्हते.

चार, टाकीमागची जागा. माझ्या हरकतीतली.

काय काय घडलं

नियोजन समितीने तिसरा पर्याय सुचवला. अहवाल चांगला होता, त्यात एक ओळ अशीही होती की टाकीमागच्या जागेची प्रत्यक्ष पाहणी करणं आवश्यक. पाहणी झाली नाही. का नाही याला उत्तर नाही. दोन महिन्यांत अहवाल द्यायचा असतो, आणि दोन महिने सुनावण्यांतच गेले. मीही ती ओळ वाचून पुढे गेलो होतो.

मग विशेष सर्वसाधारण सभा. मास्क नाकाखाली, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या पण माणसं मागच्या बाजूला दाटीने. सुरुवातीला रस्त्याच्या रुंदीवरून दीड तास गेला, १२ मीटर की १५ मीटर, कारण त्यात दुकानांचे ओटे जात होते. घरांच्या आरक्षणाचा विषय आला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. एका सदस्याने उपसूचना मांडली : हायवेवरचं आरक्षण वगळून ते टाकीमागच्या गटात स्थलांतरित करावं, सदर जागेबाबत एकही हरकत प्राप्त नाही. सूचक, अनुमोदक, झालं. एका बाईसदस्यांनी विचारलं, "अहो पण तिथं वस्ती आहे ना, आमच्या कामवाल्या मावशी तिथूनच येतात." त्यावर उत्तर आलं, "ताई, ते अनधिकृत आहे, रेकॉर्डला काही नाही." त्या म्हणाल्या माझा विरोध नोंदवा. नोंदवला. नगराध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे बघितलं, मुख्याधिकारी म्हणाले सभागृह सार्वभौम आहे. ठराव बहुमताने मंजूर.

‘हरकत नाही’ हे वाक्य मी खूपदा ऐकलंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्याचे दोन अर्थ होतात. लोकांना चालतंय हा एक. आणि दुसरा, लोकांना माहीतच नाही. प्रारूप आराखड्यात टाकीमागे आरक्षण नव्हतंच, तर तिथल्या माणसाने हरकत घ्यायची कशावर? ३० दिवसांची मुदत संपून गेल्यावर आरक्षण त्यांच्या डोक्यावर आलं.

यानंतर फेरबदल केलेला आराखडा कलम २८(४) खाली प्रसिद्ध होतो, पण लोकांच्या माहितीसाठी. तिथे पुन्हा हरकती-सुनावणीचा फेरा नसतो. पुढे तो कलम ३० खाली शासनाकडे जातो. टाकीमागच्या लोकांना कळलं ते पेपरमधल्या जाहिरातीतून नव्हे, गुंठेवारीच्या अर्जामुळे. २०२१ मध्येच गुंठेवारी कायद्यात दुरुस्ती होऊन नियमित करायची कट-ऑफ तारीख १ जानेवारी २००१ ची ३१ डिसेंबर २०२० झाली होती, म्हणून तिथला एक रिक्षावाला कागद घेऊन माझ्याकडे फाइल करायला आला. मी गट नंबर वाचला. दोनदा वाचला. चहा मागवला होता तो तसाच राहिला.

त्याला सांगितलं, दादा तुमच्या घरावर आरक्षण पडलंय, फाइल अडकेल. तो म्हणाला, "कसलं आरक्षण?" मी म्हटलं, गरिबांसाठी घरांचं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मग आम्ही कोण आहोत?"

त्याच संध्याकाळी पहिल्यांदा टाकीमागे गेलो. कॅमेरा, टेप आणि ईएलयूची झेरॉक्स घेऊन. घराघरातून घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिलं, नळ कनेक्शनचे कागद गोळा केले. बायकांनी पावत्या डब्यातून, देवघरामागून, एकीने तर तांदळाच्या पिशवीतून काढल्या, सगळ्या नीट, वर्षवार. हायवेच्या मालकांपैकी एकालाही इतके कागद पटकन दाखवता आले नव्हते. त्या सगळ्याचा एक तक्ता केला : पावती नंबर, मीटर नंबर, घराचा फोटो, आणि गुगलवरचं उपग्रह चित्र, जुनं आणि नवं शेजारी शेजारी. नगरविकास विभागाला आणि पुण्याच्या नगररचना संचालनालयाला निवेदन, सोबत सभेच्या इतिवृत्ताची माहिती अधिकारात घेतलेली प्रत, त्यात त्या बाईसदस्यांचा नोंदवलेला विरोध. तो विरोध नसता तर सभागृहापुढे हा मुद्दा आलाच नव्हता असं सरळ म्हटलं गेलं असतं.

अण्णांना मी जाऊन सांगितलं की मी आता दुसऱ्या बाजूचंही काम करतोय. फी परत देऊ का विचारलं. ते चिडले नाहीत, म्हणाले, "तू गेला नव्हतास का रे तिकडे?" एवढंच. ते मला नेहमी साहेब म्हणायचे.

काय निघालं

शासनाने कलम ३१ खाली आराखड्याचा बराचसा भाग मंजूर केला आणि हे आरक्षण ईपी, म्हणजे वगळलेल्या भागात टाकलं. ईपीवर पुन्हा हरकती मागवल्या गेल्या, नगररचनाच्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी झाली, आणि या वेळी टाकीमागचे लोक दोन टेम्पो भरून आले. अंतिम निर्णयात टाकीमागचं आरक्षण गेलं, तो भाग रहिवास झाला, हायवेवर आरक्षण परत आलं पण निम्म्याहून लहान.

याला यश म्हणायचं का? टाकीमागच्यांसाठी हो, त्यांच्या फायली हलायला लागल्या. हायवेचे दोघे भाऊ अजूनही समावेशक आरक्षणाच्या प्रस्तावावर एकत्र सही करत नाहीत, आणि नगरपरिषदेने भूसंपादनासाठी बजेटमध्ये जो हेड उघडलाय त्यात टोकन रक्कम आहे. दहा वर्षांचं घड्याळ सुरू झालंय. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती नदीकाठची वस्ती आहे तिथेच आहे. चर्चेत सगळ्यात कमी बोलली गेली तीच. सुनावणीत त्या बचत गटाच्या बाई सोडल्या तर तिथलं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी ईएलयू. विद्यमान भूवापराचा नकाशा हा आख्ख्या डीपीचा पाया आणि तोच सगळ्यात कंटाळा करून केलेला असतो. कर विभागाचं आकारणी रजिस्टर आणि वीज मीटरची यादी शेजारी ठेवून पडताळली असती तर टाकीमागे शेती निघालीच नसती. याला वेगळा सर्व्हे नको, पैसे नकोत, एक जिना उतरायचा. गुंठेवारीची घरं नकाशात दाखवली तर ती अधिकृत होतील अशी भीती अधिकाऱ्यांना असते, मी ती समजू शकतो, पण भूवापर दाखवणं म्हणजे मालकी मान्य करणं नव्हे, हे त्यांनाही माहीत असतं.

दुसरा निर्णयाचा क्षण होता समितीच्या अहवालातली ती ओळ. समितीने ‘पाहणी आवश्यक’ लिहिण्यापेक्षा अर्धा दिवस काढून पाहणीच करायला हवी होती. आणि सभेत उपसूचना आली तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी सार्वभौम वगैरे न म्हणता, नवीन गट येतोय, आठ दिवसांनी पाहणी अहवालासह विषय पुन्हा ठेवू, एवढं टिपण ठेवायला हरकत नव्हती. ज्या सदस्याच्या घरातली जमीन आहे त्याने त्या विषयापुरतं बाहेर बसायला हवं होतं. सभेत कुणी हे म्हणालं नाही, मीही मागे बसून होतो, म्हणालो नाही.

आरक्षण नव्या जागी हलवायचं तर त्या जागेवर बोर्ड लावून लोकांना सांगायचं, कायद्यात असो वा नसो. पेपरमधली नोटीस गट नंबरात असते. टाकीमागच्या एकाही माणसाला आपला गट नंबर माहीत नव्हता. त्यांना विचारलं कुठे राहता, तर टाकीपासून तिसरा डांब, पिठाच्या गिरणीच्या पुढे, असं सांगायचे. नोटिशीत ‘टाकीमागची वस्ती’ असे दोन शब्द जरी घातले असते तरी पुरे होतं.

आणि माझं. हरकतीच्या फॉरमॅटमधला ‘पर्यायी जागा’ हा रकाना मी आता जागेवर पाय ठेवल्याशिवाय भरत नाही, फोटो जोडतो, तारीख टाकतो. मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातून एकजण आले होते, क्रीडांगणाचं आरक्षण उठवायचंय, उद्या शेवटची तारीख, कुठलातरी गट टाकून द्या म्हणाले. मी म्हटलं सकाळी सहाला निघू, बघून येऊ, अकरापर्यंत हरकत दाखल करू. त्यांनी जरा विचार केला आणि समोरच्या ऑफिसात गेले.